फास्ट कॉन्फरन्सला जायचंय? पुण्यातल्या स्टोरेजवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गेली सतरा वर्षं फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. फास्टला तीनदा गेलो आहे, दोनदा नुसता श्रोता म्हणून आणि एकदा चालू कामाचं पोस्टर घेऊन. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऑफिसातली आणि ओळखीच्या कॉलेजांतली मुलं-मुली तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

फास्ट म्हणजे नक्की काय?

फाइल आणि स्टोरेज तंत्रज्ञानावरची संशोधन परिषद. यूझनिक्स ही संगणक प्रणालींवर काम करणाऱ्यांची १९७५ पासूनची संस्था ती भरवते. पहिली फास्ट जानेवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे झाली. नंतर ती सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे अशी फिरत राहिली आणि २०१४ पासून बहुतेक वेळा सँटा क्लारामध्ये भरते. मधे २०१८ ला ओकलंड, २०१९ ला बॉस्टन आणि २०२१ ला कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन. महिना बहुधा फेब्रुवारी, मुक्काम तीन दिवसांचा.

हा विक्रीचा मेळावा नाही. टी-शर्ट वाटणारे स्टॉल शोधत गेलात तर निराश व्हाल. एक जण मंचावर उभा राहून सांगतो की आम्ही असं असं करून पाहिलं, हे आकडे आले. मग समोरचे लोक उठून विचारतात, आकडे असेच का आले?

माझा पेपर (शोधनिबंध) नाही. तरी जाण्यात अर्थ आहे?

आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

पुण्यातल्या इंजिनिअरला वाटतं की तिथे प्रोफेसर आणि पीएचडीवाले असतात, आपण तिथे काय बोलणार? पण आपल्याकडे स्टोरेजचं काम आजचं नाही. व्हेरिटास या स्टोरेज कंपनीचं मोठं केंद्र इथे वाढलं, बॅकअपवाली द्रुवा २००८ मध्ये इथेच सुरू झाली, आणि व्हॉल्यूम मॅनेजर, बॅकअप, रेप्लिकेशन यांचा कोड लिहिण्यात आणि त्यातले बग निस्तरण्यात इथल्या दोन पिढ्या गेल्या. रात्री दोनला फोन येतो, पलीकडे ग्राहकाचा माणूस रडकुंडीला आलेला असतो, व्हॉल्यूम माउंट होत नसतो, म्हणजे साठवलेला डेटा उघडतच नसतो, आणि आपण पहाटेपर्यंत एफएससीके या फाइल सिस्टिम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये डोकं घालून बसतो. डेटा नक्की कसा मरतो हे आपण पाहिलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या हुशार माणसाला नेमकं तेच बघायला मिळत नाही.

२०१८ च्या फास्टमध्ये शिकागो विद्यापीठातल्या हर्यादी गुनावी यांच्या गटाचा एक पेपर होता. विषय होता बंद न पडता नुसतं मंदावणारं हार्डवेअर. त्यांनी १२ संस्थांमधून अशा १०१ घटनांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यातली एक मला अजून आठवते. एका मशीनमधला एक पंखा बंद पडला. त्याची भरपाई करायला बाकीचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, त्यांच्या कंपनांनी डिस्क हादरायला लागल्या आणि डिस्कचा वेग पडला. पंखा बदलायचा सोडून माणसं डिस्क बदलत बसणार! असल्या गोष्टी ऑपरेशन्समधल्या माणसांच्या अनुभवातूनच हाती लागतात. त्या घटनांनी एक अख्खा पेपर उभा राहिला. तुमच्या डोक्यातही अशा दहा-वीस घटना आहेत. त्या घेऊन जा.

सगळे पेपर फुकट मिळतात, भाषणांचे व्हिडिओही. मग एवढा खर्च कशाला?

बरोबर आहे. २००८ पासून यूझनिक्सने आपले पेपर सगळ्यांना खुले केले, आणि भाषणांचे व्हिडिओ, स्लाइड्सही नंतर साइटवर येतात. ही फार मोठी गोष्ट आहे. सांगलीतल्या किंवा नांदेडच्या कॉलेजातली मुलगी आणि स्टॅनफर्डमधली मुलगी एकाच दिवशी तोच पेपर वाचू शकतात.

म्हणून नुसतं ऐकायला जाणार असाल तर जाऊ नका. पेपरमध्ये काय नसतं ते विचारायला जा. बारा पानांत यशाची गोष्ट बसते. 'आधी तीन महिने वेगळ्याच दिशेने गेलो आणि ते फसलं' हे त्यात बसत नाही, ते चहाच्या टेबलापाशी कळतं. आम्ही एकदा लॉग-स्ट्रक्चर्ड (नवं लिखाण नेहमी शेवटी जोडत जाणाऱ्या) मांडणीत जागा मोकळी करायचं काम रात्री चालवायचं की सतत थोडं थोडं, यावर दीड महिना भांडत होतो. एका लेखकाला मी कॉफीच्या रांगेत हे विचारलं. त्याने हातातल्या कागदी रुमालावर दोन आलेख काढले आणि म्हणाला, दुसरा आम्ही पेपरमध्ये टाकला नाही कारण त्याचं कारण आम्हाला सिद्ध करता आलं नाही. तो दुसरा आलेख आमच्या उपयोगाचा होता. रुमाल अजून माझ्या डायरीत आहे.

जाण्याआधी काय वाचू?

त्या वर्षीच्या कार्यक्रमातले तीन पेपर नीट वाचा, बाकीच्यांचे सारांश. नीट म्हणजे पेन्सिल घेऊन. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर स्वतःचा एक प्रश्न लिहा.

आणि जुन्यातले थोडे. माझ्या आवडीचे सांगतो, दुसरा माणूस वेगळे सांगेल.

२००७ ची फास्ट सॅन होजेला झाली. त्या एकाच वर्षी दोन पेपर आले आणि दोघांनी मिळून डिस्क कंपन्यांच्या माहितीपत्रकांची हवा काढली. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, सरासरी आयुष्य दहा लाख तास. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. त्या हिशेबाने वर्षाला शंभरातली एकसुद्धा डिस्क जायला नको, ०.८८ टक्के फार तर. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत डिस्क बदलाव्या लागत होत्या. दुसरा पेपर गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो यांचा, तोही एक लाखाहून जास्त डिस्कवरचा. तापमान वाढलं की डिस्क जाते असं आपण सगळे धरून चाललो होतो, त्यांच्या आकड्यांत तसा ठळक संबंध दिसलाच नाही. हे दोन पेपर मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाचले आणि तेव्हापासून कुठल्याही माहितीपत्रकावरचा आकडा मी 'कुणी मोजला, कुठे मोजला' हे विचारल्याशिवाय घेत नाही.

तिसरा २००८ चा, डेटा न कळत बिघडण्याबद्दलचा. १५ लाख ३० हजार डिस्क, ४१ महिने, आणि चेकसम (मजकूर ताडून पाहायचा आकडा) जुळला नाही अशा चार लाखांहून जास्त घटना. डिस्क म्हणते 'घे, हा तुझा ब्लॉक', म्हणजे मागितलेला डेटाचा तुकडा, एरर काहीच नाही, आणि आतला मजकूर चुकीचा. चेकसमसाठी लागणारा सीपीयू वाचवायचा का, अशी चर्चा मीटिंगमध्ये निघाली की मी हा पेपर उघडून समोर ठेवतो.

शिवाय २००३ चा एआरसी कॅशचा पेपर. कॅश म्हणजे पुन्हा लागेल असा डेटा हाताशी ठेवायची छोटी, वेगवान जागा. निम्रोद मेगिड्डो आणि धर्मेंद्र मोधा यांचा. मोधा आपल्या आयआयटी मुंबईचे. कल्पना इतकी सरळ की वाचून चुटपुट लागते, हे आपल्याला का सुचलं नाही. कॅशमधून नुकतं काय काढून टाकलं त्याची नुसती यादी जवळ ठेवायची. काढलेलंच पुन्हा मागायला कुणी आलं की समजायचं आपला अंदाज चुकला, आणि त्याप्रमाणे कॅशमधल्या जागेची वाटणी बदलायची. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये हीच पद्धत थोड्या फरकाने वापरली आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसनेही ८.० आवृत्तीत घेतली होती, पण पेटंटच्या काळजीने ८.०.२ मध्ये काढली.

विद्यार्थी असाल तर २०१५ चा एफटूएफएसचा पेपर घ्या. सॅमसंगच्या लोकांनी फ्लॅश मेमरीसाठी बनवलेली ही फाइल सिस्टिम आज कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. तुमच्या खिशातही असेल.

व्हिसाचं काय?

इथे सगळ्यांत जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

परिषदेसाठी बी-१/बी-२ व्हिसा लागतो. डीएस-१६० फॉर्म, १८५ डॉलर फी, मग मुंबईत दोन फेऱ्या: एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी, दुसरी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीसाठी. अडचण तारखांची आहे. पेपर निवडला गेल्याचं बहुधा डिसेंबरात कळतं आणि परिषद फेब्रुवारीत. मुलाखतीची तारीख कित्येकदा काही महिन्यांनी मिळते. डिसेंबरात मेल आल्यावर जो आनंदाने फॉर्म भरायला बसतो, त्याची फास्ट तिथेच संपलेली असते.

म्हणून पेपर पाठवताय त्याच आठवड्यात, किंवा 'कधीतरी जायचंय' एवढं जरी ठरलं असेल तरी, व्हिसाच्या मागे लागा. भारतीयांना हा व्हिसा बहुधा दहा वर्षांसाठी मिळतो, वाया जात नाही.

मुलाखतीत अधिकारी विचारतोच, पेपर कशावर आहे? आमच्या टीममधल्या एका मुलाने इरेजर कोडिंग, गाल्वा फील्ड असं सगळं सांगायला सुरुवात केली. त्याला २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली, म्हणजे आणखी तपासणी. तपासणी संपेपर्यंत मार्च उजाडला. कारण नेमकं तेच होतं असं मी म्हणणार नाही, पण अवघड शब्दांनी कुणाचंच भलं होत नाही. साधं सांगा: 'एखादी डिस्क खराब झाली तरी लोकांची माहिती जाऊ नये, यावर मी काम करतो. तीन दिवसांची परिषद आहे, शुक्रवारी परत निघणार.' खरं तेच, पण आजीला सांगाल तसं.

आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागून घ्या, कार्यक्रमपत्रिकेचं ज्या पानावर तुमचं नाव आहे ते छापून न्या, आणि कंपनीचं किंवा कॉलेजचं रजेचं पत्र. व्हिसा येणार नाही असं दिसलं की लाजू नका, लगेच आयोजकांना आणि सहलेखकांना कळवा. दुसऱ्या सहलेखकाने पेपर मांडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

पैसे कोण देणार?

विद्यार्थ्यांसाठी यूझनिक्सचं अनुदान असतं, त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत. पेपर नसला तरी अर्ज करता येतो. पेपर असेल तर एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्थांचं प्रवास अनुदान पाहा. विद्यार्थ्यांची नोंदणी फी बरीच कमी असते. नोकरीवाल्यांनी मॅनेजरकडे जाताना 'शिकायला मिळेल' असं मोघम मागू नये. सध्या अडलेल्या दोन प्रश्नांची नावं आणि त्यावर तिथे कोण बोलणार आहे, एवढं अर्ध्या पानावर लिहून न्यावं. मला पहिल्यांदा नकार आला होता, दुसऱ्या वर्षी या अर्ध्या पानावर होकार आला.

नोंदणी फीतल्या सवलतीची मुदत परिषदेच्या काही आठवडे आधी संपते, हॉटेलच्या खास दराचीही. ती तारीख कॅलेंडरवर टाका.

पेपर पाठवणं अवघड आहे का?

आहे. साधारण चार-पाचातला एक निवडला जातो. बारा पानांची मर्यादा, संदर्भ वेगळे. परीक्षकांना लेखकांची नावं दिसत नाहीत, त्यामुळे 'आमच्या मागच्या पेपरात आम्ही' असलं लिहू नका. पहिल्यांदा जाणाऱ्याने पोस्टरपासून सुरुवात करावी. अर्धवट कामही तिथे चालतं, किंबहुना त्यासाठीच ते असतं.

ते तीन दिवस जातात कसे?

सकाळी नाश्ता, मग मुख्य भाषण, मग पेपर. प्रत्येक पेपरला वीसेक मिनिटं प्रश्नांसकट. मधे अर्ध्या तासाच्या सुट्ट्या. संध्याकाळी पोस्टर. एखाद्या सत्रात चालू कामांची छोटी छोटी भाषणं असतात, काही मिनिटांत घंटा वाजते आणि पुढचा उभा राहतो.

सगळी भाषणं ऐकायचा हट्ट धरू नका. आपल्याकडून साडेतेरा तास मागे असलेल्या गावात तुम्ही आलेले असता. दुपारी दोनला आपल्या घड्याळात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि मान आपोआप पडते. मी पहिल्या वर्षी एकही सत्र सोडलं नाही, आणि पोस्टरच्या वेळी, म्हणजे खरी माणसं मोकळी भेटतात तेव्हा, खोलीवर जाऊन झोपलो. दुपारचं एक सत्र सोडा, झोपा, आणि संध्याकाळी पोस्टरला ताजेतवाने जा. व्हिडिओ नंतर मिळतो, पोस्टरपुढचा माणूस मिळत नाही.

माइकवर जाऊन प्रश्न विचारायची भीती वाटते. माझं इंग्रजी मराठी वळणाचं आहे.

तिथे कोरियन वळणाचं, चिनी वळणाचं, जर्मन वळणाचं इंग्रजी चालतं. कुणाचं लक्षही जात नाही. रांगेत उभं राहायचं, नाव आणि कुठून आलो ते सांगायचं, एक प्रश्न विचारायचा, एकच. आपल्याकडे प्रश्नाआधी प्रस्तावना करायची सवय आहे, ती टाळा. 'हे मोजताना डिस्क किती भरलेली होती?' हा उत्तम प्रश्न आहे. नव्वद टक्के भरलेल्या डिस्कवर बऱ्याच सुंदर आलेखांचा रंग उतरतो, आणि हे रिकाम्या मशीनवर मोजणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

अगदीच जमत नसेल तर भाषणानंतर लेखकाला गाठा. तो त्या दिवशी बोलायला उत्सुकच असतो.

मोठ्या माणसांशी बोलायचं कसं? त्यांना 'सर' म्हणायचं?

पहिल्या नावाने हाक मारा. ज्यांचं पुस्तक वाचून आपण ऑपरेटिंग सिस्टिम शिकलो त्यांना नुसतं नावाने हाक मारताना जीभ अडखळते हे मला मान्य आहे, माझीही अडखळली. पण तिथे तीच रीत आहे आणि त्यात अनादर नाही.

जेवणाच्या टेबलावर आपल्या कंपनीतल्या चौघांनी एकत्र बसू नका. मराठीत गप्पा रंगतात आणि तीन दिवस कुठे जातात कळत नाही. नियम करा: दुपारी वेगवेगळ्या टेबलांवर, रात्री एकत्र.

कंपनीतल्या गोष्टी किती सांगाव्यात?

ग्राहकाचं नाव नाही, न आलेल्या उत्पादनाबद्दल नाही, आकडे विचारून. बिघाडाचा प्रकार मात्र सांगता येतो: काय दिसलं, आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं. निघण्याआधी मॅनेजरशी बसून काय चालेल हे ठरवा, म्हणजे तिथे चाचरायला होत नाही.

राहणं, खाणं, हवा?

गेल्या काही वर्षांत परिषद सँटा क्लारातल्या कन्व्हेन्शन सेंटरला लागून असलेल्या हयातमध्ये भरते. सॅन होजे विमानतळ अगदी जवळ, सॅन फ्रान्सिस्कोचा पन्नासेक किलोमीटरवर. ग्रेट अमेरिका नावाचं लाइट रेलचं स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शाकाहारी जेवण मिळतं, नोंदणीत खूण करा. शेजारच्या सनीव्हेलमध्ये आपल्याकडचं जेवण हवं तेवढं. फेब्रुवारी हा तिथे पावसाचा महिना, स्वेटर आणि छत्री दोन्ही न्या.

एक दिवस जादा मिळाला तर?

जवळच्या माउंटन व्ह्यूमधलं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम. गोल्डन गेट नंतर कधीतरी.

तिथे आयबीएमचं रामॅक आहे, १९५६ मधलं, पहिलं हार्ड डिस्कचं यंत्र, आणि ते बनलं शेजारच्याच सॅन होजेत. दोन-दोन फुटी व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, टनभर वजन, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. आजच्या फोनवरचा एक फोटो त्यात कसाबसा मावेल. तबकड्यांच्या चळतीशेजारी वरखाली सरकणारा तो एकच हात पाहिला, आणि 'सीक टाइम' (हात हव्या त्या जागी पोचायला लागणारा वेळ) हा शब्द जो मी वर्षानुवर्षं कोडच्या कॉमेंटमध्ये लिहीत आलो, तो पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. मी तिथे पाऊण तास उभा होतो.

यंदा जमणारच नाही. मग?

कार्यक्रम साइटवर आला की चार जण जमवा आणि दर गुरुवारी एक पेपर वाचा. एकाने मांडायचा, एकाने मुद्दाम विरोधात बोलायचं. प्रत्यक्ष जायचंच असेल तर स्निआ या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेची स्टोरेज डेव्हलपर परिषद बंगळुरूलाही भरलेली आहे, आणि एचआयपीसी ही संगणनाची परिषद भारतातच होते, २०१४ ला गोव्यातही झाली होती. व्हिसाची कटकट नाही, बस पकडून जाता येतं.

परत आल्यावर काय करायचं?

विमानातच भेटलेल्या माणसांची यादी करा, प्रत्येकापुढे काय बोलणं झालं ते एका ओळीत. दोन आठवड्यांच्या आत प्रत्येकाला मेल, आणि त्यात कबूल केलेली गोष्ट पाठवायची. ट्रेस (सिस्टिमवरच्या वाचन-लेखनाची नोंद) पाठवतो म्हणाला असाल तर कंपनीची परवानगी घेऊन, नावं पुसून ट्रेस पाठवा. नसेल पाठवता येत तर तसं कळवा. मला दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीचा मेल आला होता: तुम्ही पोस्टरपाशी सांगितलेला पॉवर गेल्यानंतरचा अर्धवट लिहिलेला ब्लॉक आम्ही मुद्दाम तयार करून पाहिला, आमची दुरुस्ती तिथे चुकत होती, आता चुकत नाही. मी तो मेल छापून टीमच्या बोर्डावर लावला. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी निघताना तो वाचून जावा.